सीमाभागातील सार्वजनिक ग्रंथालयांत संशोधनाचे संग्रह खुले व्हायला हवेत

खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळ, बारापेडे नावाच्या गुहा आहेत. या गुहांत राहणाऱ्या एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ऑल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि रॉटन यांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. पुढे कित्येक दशके ही प्रजाती जगात केवळ याच गुहांतून ठाऊक होती. मेघालयातल्या आणि कंबोडियातल्या नोंदी फार उशिरा झाल्या. आज खानापुरातल्या एखाद्या शिक्षकाला आपल्याच तालुक्यातल्या या प्राण्याविषयी वाचायचे झाले, तर त्या नियतकालिकाचे शंभर वर्षांपूर्वीचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अलीकडच्या लेखनापैकी मात्र काही खुले असते, तर काहींचा नुसता सारांश दिसतो आणि त्याखाली किंमत दिसते. एका शोधनिबंधाला तीस ते चाळीस डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये, हा परदेशी प्रकाशकांचा सर्वसाधारण दर आहे. लेख आपल्या कामाचा आहे की नाही हे तो वाचल्यावरच कळते. त्यामुळे दहा लेख चाळून त्यांतले दोन निवडणे, हे अभ्यासातले अगदी पहिले काम या शिक्षकाच्या ऐपतीबाहेरचे ठरते.

हा शिक्षक एखाद्या केंद्रीय संशोधन संस्थेत नोकरीला असता, तर हेच लेख त्याला एका क्लिकवर मिळाले असते. त्या क्लिकचे पैसेही सार्वजनिक तिजोरीतून गेलेले असते. माझा आक्षेप नेमका या व्यवस्थेला आहे. सरकार संशोधनाचे ऑनलाइन डेटाबेस, म्हणजे शोधनिबंधांचे संग्रह, विकत घेते ते संस्थांसाठी, आणि जो कोणत्याही संस्थेच्या हजेरीपटावर नाही, तो नागरिक कितीही गंभीर वाचक असला तरी बाहेर राहतो. हा प्रवेश सार्वजनिक ग्रंथालयांतून कोणाही वाचकाला मिळाला पाहिजे, आणि त्याची सुरुवात करायची असेल तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा पट्टा, त्याचबरोबर उत्तर कन्नड (कारवार) आणि बिदर जिल्ह्यांतला सीमाभाग, हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे, असे माझे म्हणणे आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही देशभरातल्या संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरण्याची योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक असा तिचा आवाका आहे. एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची मुद्रणालये, ही नावे त्यात आहेत. व्यवहाराचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे आहे. हिशेब केला तर वर्षाला माणशी साधारण अकराशे रुपये पडतात, आणि पूर्वी प्रत्येक विद्यापीठ वेगवेगळी बोली लावून जे मिळवत होते त्यापेक्षा हा सौदा नक्कीच चांगला आहे. योजनेवर टीका करणाऱ्यांनीही एवढे मान्य करायला हरकत नाही.

तरीही पहिल्या टप्प्यात ज्या संस्था आहेत, त्या केंद्राच्या किंवा राज्याच्या व्यवस्थापनाखालील आहेत. बेळगावात याचा अर्थ काय होतो तो पाहावा. २०१० साली स्थापन झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ, १९९८ पासून बेळगावात मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय संस्था, ही सगळी शासकीय क्षेत्रातली नावे आहेत. पण सीमाभागातला मराठी विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतो तो खासगी शिक्षणसंस्थांनी, त्यातही अनेक ठिकाणी गावच्या लोकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या महाविद्यालयांत. अशा खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांनी पुढच्या टप्प्याची वाट पाहायची आहे. आणि शिक्षण संपलेला माणूस तर कोणत्याच टप्प्याच्या हिशेबात धरलेला नाही. तालुका न्यायालयात वकिली करणारा, खेड्यात दवाखाना चालवणारा, म्हादईच्या पाण्यावर लिहिणारा पत्रकार, निपाणीच्या तंबाखू आंदोलनाचा इतिहास जमवणारा निवृत्त मुख्याध्यापक, उसावरच्या रोगांची माहिती शोधणारा शेतकरी गट, ही सगळी माणसे आपल्या परीने अभ्यास करत असतात, परंतु व्यवस्थेच्या व्याख्येत ती अभ्यासक नाहीत.

महाविद्यालयांसाठी याआधीपासून एन-लिस्ट ही सोय आहे. इन्फ्लिबनेटच चालवत असलेल्या या योजनेत अनुदानित महाविद्यालयाला वर्षाकाठी पाच-सहा हजार रुपये भरून सुमारे सहा हजार नियतकालिके आणि लाखभराहून अधिक ई-पुस्तके वाचता येतात. एवढ्या पैशात एका छापील परदेशी नियतकालिकाची वर्षाची वर्गणीही भागणार नाही. असे असूनही अनेक महाविद्यालयांत ही सोय मूल्यांकन समितीला दाखवण्याच्या फायलीतच राहते. शुल्क भरले जाते, पावती लावली जाते, ग्रंथपालाने प्रत्येक विद्यार्थ्याचा ईमेल नोंदवून त्याला वापरकर्ता नाव आणि पासवर्ड देणे अपेक्षित असते, ते काम मात्र पहिल्या वर्षानंतर मागे पडते. पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना विचारले, तर निम्म्यांना आपल्या महाविद्यालयाकडे असे काही आहे याचा पत्ता नसतो. दोष ग्रंथपालाचा म्हणावा, तर अनेक ठिकाणी पूर्णवेळ ग्रंथपालच नाही. पुस्तके देण्याघेण्याचे काम करणारा सहायक आहे आणि त्याच्याच गळ्यात परीक्षा विभागाचे कामही आहे.

मग लोक काय करतात? पुण्यात किंवा बंगळूरला शिकणाऱ्या भाच्याला व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवतात आणि रात्रीपर्यंत पीडीएफची वाट बघतात. सीमाभागातल्या कितीतरी पीएचडी अशा भाचे-पुतण्यांच्या उपकारावर पुऱ्या झाल्या आहेत, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव ‘कुटुंबीय’ या शब्दात सामावलेले असते. ज्याला असा भाचा नाही त्याच्यासाठी साय-हब हे विकतचे शोधनिबंध प्रकाशकांच्या परवानगीविना फुकट देणारे संकेतस्थळ होते. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केल्यानंतर त्या संकेतस्थळावर नवे लेख चढवणे थांबले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते देशात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य की अयोग्य यात मी शिरत नाही. पण ज्या वाटेने संस्थेबाहेरचा वाचक गुपचूप ये-जा करत होता ती वाट बुजवल्यावर त्याला सरळ रस्ता करून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या आदेशानंतर कोणी फारसा विचारला नाही.

सरळ रस्ता तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. प्रकाशकांशी होणाऱ्या करारांत ‘अधिकृत वापरकर्ता’ कोण याची व्याख्या असते. संस्थेचे विद्यार्थी व कर्मचारी हे तर त्यात असतातच. परंतु बहुतेक प्रमाणित करारांत आणखी एक वर्ग असतो, तो म्हणजे ग्रंथालयाच्या आवारात प्रत्यक्ष येऊन तिथल्या संगणकावर वाचणारा बाहेरचा माणूस. ग्रंथालयाच्या इंटरनेट जोडणीचा ओळखक्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, प्रकाशकाकडे नोंदवलेला असतो; त्या पत्त्यावरून विनंती आली की लेख उघडतो, संगणकासमोर बसलेल्याचे ओळखपत्र प्रकाशक तपासत नाही. किंमत ठरते ती संस्थेतल्या विद्यार्थी-शिक्षकांच्या संख्येवर. अधूनमधून येणाऱ्या बाहेरच्या वाचकासाठी सहसा वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना आजही ठरवले तर आपला दरवाजा काही प्रमाणात उघडता येईल. ते होत नाही याला प्रकाशकाची मनाई जितकी कारण आहे, त्याहून फाटकावरच्या चौकीतली ‘पास कुठे आहे’ ही सवय अधिक कारण आहे.

आणि हे आपल्या देशात घडलेच नाही असेही नाही. वैद्यकीय उपचारांच्या पुराव्यांचा आढावा घेणारी कॉक्रेन लायब्ररी २००७ साली आयसीएमआरच्या खर्चाने भारतातल्या कोणाही इंटरनेट वापरणाऱ्याला खुली करण्यात आली होती. त्यासाठी महाविद्यालयात असण्याची अट नव्हती. भारतात असणे पुरेसे होते. आइसलँडने या शतकाच्या सुरुवातीपासूनच अख्ख्या देशासाठी असे करार केले आणि तिथल्या कोणत्याही घरातल्या संगणकावरून हजारो नियतकालिके वाचता येऊ लागली. चार लाखांच्या आतबाहेर लोकवस्ती असलेल्या देशाला ते परवडते, आपल्याला कसे परवडेल, असे कोणी म्हणेल. त्यावर ब्रिटनचे उदाहरण जास्त उपयोगाचे आहे. तिथे २०१४ पासून ‘अॅक्सेस टू रिसर्च’ या नावाने प्रकाशकांनी आपली नियतकालिके सार्वजनिक ग्रंथालयांतल्या संगणकांवर विनामूल्य वाचू दिली. घरून नाही, फक्त ग्रंथालयात बसून. मर्यादित सोय आहे हे खरे, पण त्या मर्यादेमुळेच प्रकाशक तयार झाले, आणि गावातल्या ग्रंथालयात जाऊन शोधनिबंध मागता येतो ही गोष्ट लोकांना माहीत झाली.

आपल्या योजनेच्या मांडणीतही हा विचार आहे, ही बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटलेली दिसते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चे तीन टप्पे सांगितले गेले आहेत. पहिला शासकीय संस्थांचा, दुसरा खासगी शैक्षणिक संस्थांचा, आणि तिसरा सर्व नागरिकांसाठी, निवडक सार्वजनिक ग्रंथालयांतील प्रवेशकेंद्रांमार्फत. तिसरा टप्पा कधी, याबद्दल उत्साहाने बोलणारा आवाज दिल्लीतून येत नाही, आणि येणारही नाही. कारण विद्यापीठांना संघटना आहेत, कुलगुरू आहेत, संस्थाबाह्य वाचकाला कोणी नाही. म्हणून तो आवाज जिल्ह्यातूनच उठवावा लागेल.

पैशांचा मुद्दा इथे येतोच. कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आकारला जातो आणि त्याचा दर सहा टक्के आहे. बेळगाव महापालिकेत घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो टिळकवाडीतला असो, शहापूरचा असो की वडगावचा, आपले चलन एकदा नीट वाचावे. आरोग्य आणि भिक्षुक पुनर्वसन यांच्या उपकरांसोबत ग्रंथालयाचीही ओळ तिथे असते. दहा हजार रुपये मूळ कर भरणारा माणूस वर्षाला सहाशे रुपये ग्रंथालयांसाठी देतो. बहुतेक वाचनालयांची वार्षिक वर्गणीही याच्या आसपास असते. म्हणजे आपण सगळे, न विचारता का होईना, एका सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद आहोतच. स्थानिक संस्था गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर वर्ग करत नाहीत, ही तक्रार कर्नाटकात जुनी आहे आणि तिचा पाठपुरावा वेगळा झाला पाहिजे. पण जो पैसा पोहोचतो त्यातून मराठी भाषकाला काय मिळते, हे विचारण्याचा हक्क त्याला कर भरण्याने मिळालेला आहे; त्यासाठी सीमावादाचा निकाल लागण्याची गरज नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा शाळेत गेलेले मूल आज नोकरी शोधते आहे. अभ्यासाची वर्षे कोर्टाच्या तारखांप्रमाणे पुढे ढकलता येत नाहीत.

दरवाजे कुठे असावेत याचा विचार केला तर जागा तयार आहेत. शहरात नगर केंद्र ग्रंथालय आहे. ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांचे कर्नाटक सरकारने ‘अरिवु केंद्र’ असे नामकरण करून तिथे संगणक व इंटरनेट देण्याचे धोरण आखले आहे. त्याशिवाय बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आहे, जे एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे, आणि उपनगरांत व तालुक्याच्या गावांत लोकांनी चालवलेली लहानमोठी वाचनालये आहेत. ही वाचनालये मुळात ज्या कारणासाठी निघाली ते कारण आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे आणि विलायतेची मासिके एकट्याला परवडत नाहीत म्हणून पाच-पन्नास सुशिक्षितांनी वर्गणी जमवली, एक खोली घेतली आणि एक अंक सगळ्यांनी वाचला. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये याच धर्तीवर उभे राहिले. ग्रंथालयांचे संघ एकत्र येऊन डेटाबेसची वर्गणी भरतात तेव्हा ते हेच करत असतात, फक्त अंकाऐवजी आता पासवर्ड असतो आणि खोलीऐवजी जोडणी.

अशा संघटित वर्गणीचे जे नमुने कर्नाटकातच आहेत, त्यांतला एक तर बेळगावातूनच चालतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न आहेत. विद्यापीठाच्या कन्सोर्शियमने, म्हणजे सामाईक वर्गणीच्या संघाने, या महाविद्यालयांच्या वतीने एकत्र बोलणी केली, महाविद्यालयांनी ठरावीक हिस्सा भरला आणि एकट्यादुकट्या संस्थेला न झेपणारे अभियांत्रिकी डेटाबेस सर्वांना मिळाले. वैद्यकीय क्षेत्रात राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाने २००३ पासून हेलिनेट नावाचा असाच संघ चालवला आहे. शेतीत भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) कन्सोर्शियममध्ये तर अशी सोय होती की, जे नियतकालिक आपल्या ग्रंथालयात नाही त्यातला लेख दुसऱ्या कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून मागवता येई. एका लेखाची एक प्रत खासगी अभ्यासासाठी दुसऱ्या ग्रंथालयाला देणे बऱ्याच करारांत बसते. म्हणजे बेळगावच्या एखाद्या वाचनालयाने रीतसर मागणीपत्र पाठवले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दोन दिवसांत लेख पाठवला, तर त्यात भाच्याच्या व्हॉट्सअॅपइतकीच सोय होईल आणि लपवाछपवीही उरणार नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यक यांना संघ करता येतो. कला, वाणिज्य, कायदा आणि शिक्षणशास्त्राच्या सीमाभागातील महाविद्यालयांना तो का करता येऊ नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही. पैशापेक्षा प्राचार्यांनी एकमेकांना फोन करण्याचा प्रश्न त्यात जास्त असावा.

महाराष्ट्राने काय करावे, हे इथे थोडे परखडपणे सांगितले पाहिजे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश नियमांत महाराष्ट्राने वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रकार ठेवला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण हा विद्यार्थी महाराष्ट्रात प्रवेश घेतो तोवरच तो महाराष्ट्राचा असतो. आईवडिलांपाशी राहून बेळगावातच शिकायचे त्याने ठरवले, की त्याच्या वाचनाची जबाबदारी कोणाचीच नाही. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ बेळगावपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि तिथले बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय मराठीतल्या संशोधनासाठी या भागातले सर्वांत मोठे ठिकाण. या विद्यापीठाने सीमाभागातल्या वाचकाला आवारात बसून डेटाबेस वाचण्याचे वार्षिक कार्ड द्यायचे ठरवले, तर त्यासाठी ना दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची बैठक लागते ना केंद्राची परवानगी. कराराची कलमे तपासून ग्रंथालय समितीने ठराव केला की पुरे. निपाणीच्या माणसाला सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतणे जमते. खानापूरकराचा मात्र पुरा दिवस आणि खिसा दोन्ही जातात. म्हणून हा पर्याय तात्पुरताच म्हटला पाहिजे.

हे सगळे मराठीपुरते बोलायचे नाही. जत आणि अक्कलकोट या महाराष्ट्रातल्या तालुक्यांत कन्नड बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्याही गावच्या वाचनालयात कन्नड संशोधनापर्यंत पोहोचण्याची सोय नाही. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात उपकराची तरतूद नाही. तिथली वाचनालये संस्था चालवतात आणि शासन अनुदान देते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने जतच्या वाचकाला आणि कोल्हापूरच्या विद्यापीठाने चिकोडीच्या वाचकाला दार उघडले, तर फलकांच्या भाषेवरून होणाऱ्या भांडणांत या एका विषयाला तरी दोन्हीकडून विरोध होणार नाही. तसा तो झालाच, तर विरोध करणाऱ्याचे वाचनाशी काय नाते आहे ते उघड होईल.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. हे डेटाबेस जवळपास पूर्णपणे इंग्रजी आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ते खुले करून काय होणार? सीमाभागातला तरुण घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी वापरतो. तीन भाषांत त्याचे रोजचे जगणे चालते, त्यामुळे इंग्रजी वाचण्याची त्याची तयारी शहरी समजुतीपेक्षा जास्त असते. अडचण वाचण्यात नाही तर शोधण्यात आहे. शोधचौकटीत ‘तंबाखू’ लिहून काही मिळत नाही, आणि इंग्रजीत नुसते ‘टोबॅको’ लिहिले तर कर्करोगावरचे हजारो निबंध समोर येतात; निपाणीतल्या विडी कामगार स्त्रियांच्या मजुरीवरचे अभ्यास त्या ढिगात कुठेतरी खाली असतात. विषयशब्द कसे जोडायचे, वर्षांची मर्यादा कशी घालायची, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’सारख्या साप्ताहिकाचे जुने अंक कुठे पाहायचे, एखाद्या लेखाच्या संदर्भसूचीवरून मागे-मागे कसे जायचे, हे मराठीतून समजावून सांगणारा माणूस ग्रंथालयात असला पाहिजे. तो नसेल तर संगणक बसवूनही एन-लिस्टचे झाले तेच होईल. त्यामुळे जिल्ह्यात दहा केंद्रे उघडण्यापेक्षा तीनच उघडावीत आणि प्रत्येक ठिकाणी मराठी व कन्नड दोन्ही येणारा प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा, असे मी सुचवेन. सुरुवातीला वापर कमी असेल हेही आधीच मान्य करून टाकावे, म्हणजे सहा महिन्यांनी आकडे दाखवून योजना गुंडाळता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, जग आता मुक्त प्रवेशाकडे, म्हणजे शोधनिबंध कोणालाही फुकट वाचू देण्याकडे, चालले आहे, मग विकतच्या डेटाबेसची चिंता कशाला? बुडापेस्टचा मुक्त प्रवेशाचा जाहीरनामा २००२ चा आहे आणि त्यानंतर बरेच काही खुले झाले हे खरे. आपल्याकडे शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही वाचता येतात, २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर विनामूल्य आहेत, आयसीएआरची नियतकालिके खुली आहेत, मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या संकेतस्थळावर नोंदणी करणाऱ्या कोणालाही महिन्याला शंभर लेख वाचता येतात. ही सगळी साधने सीमाभागातल्या प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर मराठीत लिहून लावण्यासारखी आहेत आणि त्याला उद्यापर्यंतही थांबायला नको. परंतु मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांतले गेल्या वीस-तीस वर्षांतले पुष्कळसे लेखन अजूनही विकतच आहे. शिवाय जिथे वाचकाला लेख फुकट मिळतो तिथे बहुधा लेखकाने प्रकाशन शुल्क भरलेले असते, आणि ते शुल्क इतके असते की बेळगावातल्या स्वतंत्र अभ्यासकाला वाचायची सोय झाली तरी लिहायची दारे लागलेलीच राहतात. सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन, विनामोबदला लेख तपासणारे प्राध्यापक, आणि वर तीस टक्क्यांहून अधिक नफा मिळवणारे प्रकाशक, हे गणित कोणालाही रुचणारे नाही. सहा हजार कोटी त्यांच्या हाती देण्यापेक्षा देशातली नियतकालिके सुधारावीत, असे म्हणणाऱ्यांशी माझे तत्त्वतः भांडण नाही. मात्र पैसे तर दिले गेले आहेत. दिलेल्या पैशात जास्तीत जास्त वाचक बसवून घेणे हा त्या टीकेला धरूनच असलेला पवित्रा आहे.

आता वेळेचा विचार करावा लागेल. सध्याची तरतूद २०२७ च्या डिसेंबरपर्यंत आहे. तीस प्रकाशकांशी पुढच्या कराराची बोलणी त्याच्या आधीच करावी लागणार, आणि अधिकृत वापरकर्त्याच्या व्याख्येत सार्वजनिक ग्रंथालय घालायचे की नाही हे त्या बोलण्यांतच ठरेल. एकदा करारावर सह्या झाल्या की पुढची काही वर्षे काही हलत नाही. बेळगाव, चिकोडी, उत्तर कन्नड आणि बिदरच्या खासदारांनी शिक्षण मंत्रालयाकडे, आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी कर्नाटकाच्या ग्रंथालय खात्याकडे, सीमाभागातल्या नगर केंद्र व तालुका ग्रंथालयांची नावे तिसऱ्या टप्प्याच्या प्रवेशकेंद्रांसाठी लेखी पाठवावीत. वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी आपले आयपी पत्ते, संगणकांची संख्या आणि ग्रंथपालाची पात्रता यांची माहिती त्या पत्रासोबत जोडावी. महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आपापल्या एन-लिस्ट खात्यांचा गेल्या वर्षीचा वापर किती झाला ते तपासून जाहीर करावे. तो लाजिरवाणा निघाला तरी करावे, कारण केंद्र उघडण्याआधी कोणत्या विषयाच्या वाचकाला शोध शिकवण्याची गरज आहे, हे त्या आकड्यांवरूनच कळणार आहे.